‘छाती’ आणि ‘स्तन’ : औषधे व संप्रेरके यांमुळे होणाऱ्या पुरुषस्तनवृद्धीचे विवेचन

१. प्रास्ताविक

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने वैद्यकातील विषयावर लेखणी चालवावी, हे प्रथमदर्शनी अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु रोगाचे निदान पुष्कळदा रोग्याच्या शब्दांपासून सुरू होते, आणि शब्द जेथे अपुरा पडतो तेथे निदानही अडखळते. प्रस्तुत लेखाचा विषय अशाच एका अडखळण्यातून निघाला आहे.

गंगाखेड तालुक्यातील गोदाकाठच्या एका गावी प्रस्तुत लेखकाचे एक वृद्ध चुलते राहतात. हृदय दुर्बल झाल्यामुळे त्यांना काही वर्षांपूर्वी नियमित औषधे सुरू झाली. पुढे काही महिन्यांनी दवाखान्यात नित्याच्या तपासणीस गेले असता त्यांनी सांगितले, “छाती दुखायली, साहेब.” डॉक्टरांनी विचारले, “चालताना वाढतं का, बाबा?” त्यांचे उत्तर, “चालतानाच दुखतंय की.” हृदयरोग्याची छाती चालताना दुखते याचा वैद्यकीय अर्थ एकच होतो. तातडीने हृद्‌विद्युत् आलेख काढण्यात आला, रक्त तपासले गेले, एक गोळी वाढविण्यात आली. पण आलेखात नवे असे काही निघाले नाही.

चुलत्यांच्या मनात होते ते वेगळेच. त्यांच्या दोन्ही स्तनाग्रांमागे सुपारीएवढी गाठ आली होती आणि चालताना सदरा घासला की ती दुखत असे. सदऱ्याचा उल्लेख त्यांनी केला नाही. कारण तो केला असता तर पुढचेही सांगावे लागले असते, आणि ‘बायकांसारखे’ झालेले अंग चार माणसांत बोलून दाखविणे त्यांना शक्य नव्हते. गोळ्यांमुळेच हे घडत असावे, असा तर्क मात्र त्यांनी स्वतःशी केला. तो बरोबरच होता. त्यावर त्यांनी योजलेला उपाय बरोबर नव्हता. त्यांनी घरात कोणास न सांगता सगळ्याच गोळ्या बंद केल्या. पंधरवड्यात पायांना सूज आली, रात्री आडवे पडवेना, आणि त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. तेथे आलेखाची तारजोड करताना ते कळवळले, तेव्हा परिचारिकेच्या ध्यानात गाठ आली. एक गोळी बदलण्यात आली; इतर पूर्ववत सुरू झाल्या. दुखणे ओसरले.

या घटनेत कोणाचा हलगर्जीपणा होता असे म्हणता येत नाही. डॉक्टरांनी योग्य प्रश्न विचारला आणि रोग्याने खरे उत्तर दिले. फसवणूक झाली ती ‘छाती’ या शब्दाने. म्हणून या लेखात प्रथम शब्दांचा, नंतर त्या शब्दांमागील शरीरव्यापाराचा, आणि शेवटी दोहोंच्या संबंधाचा विचार करावयाचा आहे.

२. तीन शब्द, तीन लिंगे

शरीराच्या या भागासाठी मराठीत तीन शब्द प्रामुख्याने वापरले जातात : छाती, स्तन आणि थान. व्याकरणदृष्ट्या पहिला स्त्रीलिंगी, दुसरा पुल्लिंगी व तिसरा नपुंसकलिंगी आहे. गंमत अशी की, जो शब्द व्याकरणात स्त्रीलिंगी तो व्यवहारात पुरुषाचा झाला, आणि जो पुल्लिंगी तो केवळ स्त्रीचा मानला गेला. छाती काढून चालणे, छातीठोकपणे सांगणे, निधड्या छातीचा वीर, एवढी त्याची छाती नाही, हे सर्व प्रयोग पौरुषाचे आहेत. व्याकरणिक लिंग व सामाजिक लिंग यांचा मेळ बसलाच पाहिजे असे नाही, हे तत्त्व शिकविताना यापेक्षा सुबोध उदाहरण सापडणे कठीण.

‘थान’ हा शब्द संस्कृत ‘स्तन’ पासून प्राकृत ‘थण’ या मार्गाने आला. ‘हस्त’ पासून हात, ‘मस्तक’ पासून माथा हे शब्द तयार होताना ‘स्त’ या जोडाक्षराची जी गत झाली, त्याच जातीचे हे परिवर्तन आहे. तद्भव ‘थान’ बोलीत घरगुती राहिला आणि अंगावर पिणाऱ्या मुलाशी जोडला गेला. तत्सम ‘स्तन’ काव्यात आणि वैद्यकात गेला. जनावरांसाठी तर ‘कास’ आणि ‘सड’ हे निराळेच शब्द आहेत.

आता प्रश्न असा की, पुरुषाच्या शरीरावरील या अवयवाला मराठीत काय म्हणावयाचे? अवयव तर आहेच. प्रत्येक पुरुषाला स्तनाग्रे असतात आणि त्यांच्यामागे अल्प प्रमाणात का होईना, ग्रंथी-ऊतकाचा अंश असतो. पण त्याला स्वतंत्र नाव नाही. ‘स्तन’ म्हणावे तर पुरुष तो शब्द स्वतःस लावून घेत नाही. ‘छाती’ म्हणावे तर तीत हृदय, फुप्फुस, बरगड्या, स्नायू हे सर्व आले. भाषेत येथे एक रिकामी जागा आहे. सर्वसामान्य आयुष्यात ती जाणवत नाही. अवयव वाढू लागला म्हणजे मात्र ती एकाएकी उघडी पडते.

३. संज्ञांचा अर्थ

या विकाराला पाश्चात्त्य वैद्यकात ‘गायनिकोमास्टिया’ म्हणतात. ग्रीक भाषेत ‘गुने’ म्हणजे स्त्री व ‘मास्तोस’ म्हणजे स्तन. ही संज्ञा प्राचीन वैद्य गॅलेनच्या नावाशी जोडली जाते, आणि सातव्या शतकातील पॉल ऑफ एजिना या वैद्याने त्यावरील शस्त्रक्रियेचे वर्णन केले आहे. म्हणजे विकार जुना आहे. नवीन आहेत ती त्याची औषधजन्य कारणे. ग्रीक नावातच ‘स्त्रीचा’ असा शेरा दडलेला आहे, हेही लक्षात घेतले पाहिजे. त्या मानाने ‘पुरुषस्तनवृद्धी’ हा मराठी शब्द अधिक तटस्थ आहे. पुरुषाचा स्तन वाढला, एवढेच तो सांगतो. तो स्त्रीचा झाला असे म्हणत नाही.

‘हॉर्मोन’ ही संज्ञा १९०५ मध्ये अर्नेस्ट स्टार्लिंग या इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञाने रूढ केली. ‘चालना देणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूपासून ती साधली आहे. मराठीतील ‘संप्रेरक’ हा शब्द त्याच अर्थाच्या धातूवरून घडविला गेला असल्यामुळे तो मूळ कल्पनेशी प्रामाणिक आहे. ‘ईस्ट्रोजेन’ मधील पहिला भाग ग्रीक ‘ऑइस्ट्रॉस’ पासून आला; त्याचा अर्थ गुरांना डसून उधळायला लावणारी माशी, आणि त्यावरून उन्माद. मराठी विश्वकोशाच्या परिभाषेत त्यासाठी ‘स्त्रीमदजन’ आणि ‘अँड्रोजेन’ साठी ‘पौरुषजन’ असे शब्द योजलेले आढळतात. ‘मद’ हा शब्द पोथीतला वाटला तरी त्याच धातूचे मराठी अपत्य परभणीच्या प्रत्येक गोठ्यात नांदत आहे : ‘गाय माजावर आली’ या वाक्यातील ‘माज’. तेव्हा स्त्रीमदजन म्हणजे काय, हे ज्याने लाल कंधारी गाय पाळली आहे त्याला समजावून सांगणे अवघड नसावे.

४. समतोलाचा नियम

पुरुषाच्या शरीरात केवळ पौरुषजन आणि स्त्रीच्या शरीरात केवळ स्त्रीमदजन असते, ही समजूत चुकीची आहे. दोन्ही प्रकारची संप्रेरके दोन्ही शरीरांत असतात. भेद प्रमाणाचा आहे. पुरुषाच्या वृषणांत टेस्टोस्टेरोन तयार होते. त्यातील काही भागाचे ‘अ‍ॅरोमाटेज’ नावाच्या विकराकडून ईस्ट्रॅडिओलमध्ये रूपांतर होते. हे रूपांतर मोठ्या प्रमाणावर मेदोतकात म्हणजे चरबीत घडते. स्तनातील ग्रंथींना ईस्ट्रोजेन वाढीची आज्ञा देते, तर पौरुषजन ती वाढ रोखून धरते. म्हणून स्तन वाढेल की नाही हे कोणत्याही एका संप्रेरकावर अवलंबून नसून दोहोंच्या गुणोत्तरावर अवलंबून असते. ईस्ट्रोजेन वाढले, पौरुषजन घटले, अथवा पौरुषजन पुरेसे असूनही त्याचे कार्य अडविले गेले, तर पारडे एकीकडे झुकते.

शेतकऱ्याला यातील अर्धी गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. गोऱ्हा खच्ची केला म्हणजे त्याचे वशिंड वळूसारखे भरत नाही व स्वभाव शांत होतो. पण म्हणून बैलाला कास फुटत नाही. पौरुषजन नुसते कमी होणे आणि त्याच्या जोडीला ईस्ट्रोजेनची सक्रिय चालना मिळणे, यांत पुष्कळ अंतर आहे.

आयुष्याच्या तीन टप्प्यांवर हे पारडे कोणत्याही औषधावाचून झुकते. नवजात अर्भकाच्या शरीरात आईची संप्रेरके उतरलेली असल्याने मुलगा असो वा मुलगी, त्याचे स्तन काही दिवस फुगलेले असतात आणि त्यांतून थेंबभर दूधही येते. न्हाऊ घालताना हे दूध पिळून काढण्याची रीत अनेक घरांत आहे. ती घातक आहे. त्यामुळे स्तनात पू होऊ शकतो. सूज काही आठवड्यांत आपोआप उतरते. दुसरा टप्पा पौगंडावस्थेचा. तेरा-चौदाच्या सुमारास मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांमध्ये थोडीफार स्तनवृद्धी आढळते आणि बहुतेकांत सहा महिने ते दोन वर्षांत ती मावळते. तिसरा टप्पा वार्धक्याचा. तेव्हा टेस्टोस्टेरोन घटते व चरबी वाढते. शाळेत चिडविल्यामुळे पोहायला जाण्याचे अथवा सदरा काढण्याचे टाळणाऱ्या मुलाला यातील दुसऱ्या टप्प्याची माहिती वेळीच कोणी दिली, तर त्याचे काही दुःख तरी वाचेल.

केवळ चरबी साठल्याने छाती लोंबणे हा वेगळा प्रकार होय. खऱ्या स्तनवृद्धीत स्तनाग्राच्या नेमक्या मागे, त्याच्याशी समकेंद्री, रबरासारखी लवचिक चकती बोटांना लागते. चरबीत ती लागत नाही.

५. औषधे कोणत्या मार्गांनी कार्य करतात

पुरुषस्तनवृद्धीच्या उपचारार्थ येणाऱ्या रुग्णांपैकी सुमारे १० ते २५ टक्क्यांत औषध हे कारण मानले जाते. त्या औषधांची यादी लांब आहे. पण यादी पाठ करण्यापेक्षा मार्ग समजून घेणे श्रेयस्कर.

पहिला मार्ग सरळ ईस्ट्रोजेन देण्याचा. चार्ल्स डॉड्स व त्यांचे सहकारी यांच्या संशोधनातून १९३८ मध्ये स्टिलबेस्ट्रॉल हे कृत्रिम ईस्ट्रोजेन सिद्ध झाले. १९४१ मध्ये चार्ल्स हगिन्स यांनी पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग पौरुषजनावर पोसला जातो व ते काढून घेतल्यास अथवा ईस्ट्रोजेन दिल्यास हटतो, असे दाखविले. या कार्याबद्दल त्यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या उपचाराने रुग्णांचे स्तन वाढत. आज या कामी वेगळी औषधे वापरतात, पण प्रश्न शिल्लक आहे.

दुसरा मार्ग पौरुषजनाचे ग्राहक अडविण्याचा. कुलूप शाबूत आणि किल्लीही शाबूत, पण कुलपाच्या छिद्रात कोणी काडी घालून ठेवावी, तसा हा प्रकार आहे. पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगावरील बायकॅल्युटामाइड हे औषध एकट्याने व मोठ्या मात्रेत दिले असता बहुसंख्य रुग्णांत स्तनवृद्धी वा स्तनवेदना होते. म्हणूनच असे औषध सुरू करण्यापूर्वी स्तनांवर अल्प किरणोपचार अथवा टॅमॉक्सिफेन देऊन प्रतिबंध करण्याचा विचार तज्ज्ञ करतात. आम्लपित्तावरील जुने सिमेटिडिनही याच वर्गातील. आणि आपल्या वृद्ध चुलत्यांचे स्पायरोनोलॅक्टोन तेही येथलेच. हे औषध हृदयदौर्बल्यात, तसेच यकृतविकारामुळे पोटात पाणी झाल्यास दिले जाते. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रेल्स’ या मोठ्या चाचणीत या औषधाने हृदयदौर्बल्याच्या रुग्णांचे मृत्यू लक्षणीय प्रमाणात घटले; त्याच चाचणीत औषध घेणाऱ्या पुरुषांपैकी १० टक्क्यांना स्तनवृद्धी वा स्तनवेदना झाली, तर औषधाविना केवळ १ टक्क्याला. प्राण वाचविणारे औषध आणि लाज आणणारा परिणाम एकाच गोळीत आहेत. सुदैवाने एप्लेरेनोन हे त्याच कार्याचे दुसरे औषध पौरुषजनाच्या ग्राहकांना फारसे स्पर्श करीत नाही. मात्र गोळी बदलावयाची तर रोग्याने आधी बोलले पाहिजे.

तिसरा मार्ग पौरुषजनाची निर्मिती अथवा रूपांतर थांबविण्याचा. पोटात घेतले जाणारे केटोकोनॅझोल हे बुरशीनाशक टेस्टोस्टेरोनची निर्मिती मंदावते. पुरःस्थ ग्रंथीच्या वाढीवर आणि टक्कल पडू नये म्हणून दिली जाणारी फिनास्टेराइड व ड्यूटास्टेराइड ही औषधे टेस्टोस्टेरोनचे त्याच्या अधिक प्रबळ रूपात होणारे रूपांतर रोखतात. केसांसाठी गोळी घेणाऱ्या तरुणाने हा संभव आधी जाणून घेतलेला बरा.

चौथा मार्ग प्रोलॅक्टिन वाढण्याचा. रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल यांसारखी मनोविकारावरील औषधे, तसेच मळमळ व अपचनावरील मेटोक्लोप्रामाइड, डॉम्पेरिडोन, लेव्होसल्पिराइड ही औषधे मेंदूतील डोपामिनचे कार्य अडवितात. त्यामुळे पीयूषिका ग्रंथीतून प्रोलॅक्टिन अधिक स्रवते आणि त्याच्या आधिक्याने वृषणांना मिळणारी आज्ञा क्षीण होते. यांपैकी पोटाची औषधे किती सहज, कधी चिठ्ठीवाचूनही, दुकानातून आणली जातात हे सांगावयास नको.

पाचवा मार्ग विपरीत वाटेल असा आहे. स्नायू भरावेत म्हणून टेस्टोस्टेरोन किंवा त्याच्यासारखी स्टेरॉइडे टोचून घेणाऱ्या तरुणांचे स्तन वाढतात. पौरुषजन घेतले असता असे का व्हावे? उत्तर अ‍ॅरोमाटेजमध्ये आहे. बाहेरून आलेल्या अतिरिक्त टेस्टोस्टेरोनचा एक भाग ईस्ट्रॅडिओल बनतो. शिवाय आयता पुरवठा मिळाल्याने वृषणे स्वतःचे काम थांबवितात. इंजेक्शन बंद केल्यावर पौरुषजन एकदम घटते आणि पारडे आणखी झुकते. भरतीच्या तयारीसाठी व्यायामशाळेत जाणाऱ्या मुलांना ‘पावडरी’ आणि ‘कोर्स’ यांविषयी सांगताना हा उलटा न्याय अवश्य सांगावा. मोठी छाती हवी म्हणून घेतलेल्या औषधाने ‘छाती’ नव्हे, स्तन वाढतो. मराठीतील ती रिकामी जागा येथे पुन्हा आडवी येते.

काही औषधांचा मार्ग अद्याप नीट उलगडलेला नाही. एच.आय.व्ही.वरील एफाव्हिरेंझ हे त्यांपैकी एक. भारतात शासकीय केंद्रांतून विनामूल्य औषधोपचार १ एप्रिल २००४ पासून सुरू झाला. पुढे बराच काळ पहिल्या फळीच्या एकत्रित गोळीत एफाव्हिरेंझ असे, आणि त्यानंतर तिची जागा डोल्युटेग्राविरयुक्त गोळीने घेतली. क्षयावरील आयसोनियाझिडनेही क्वचित स्तनवृद्धी झाल्याची नोंद आहे. क्षयाच्या बाबतीत आणखी एक कारण संभवते. दुसऱ्या महायुद्धानंतर उपासमारीच्या बंदिवासातून सुटलेल्या सैनिकांना पोटभर अन्न मिळू लागले, तेव्हा त्यांच्यातील काहींचे स्तन वाढले. उपासमारीत मंदावलेली संप्रेरकयंत्रणा पुन्हा सुरू होताना जणू दुसरे पौगंड येते. क्षयाने खंगलेला माणूस उपचाराने भरू लागला म्हणजे असे घडू शकते. ते बरे होण्याचेच एक चिन्ह असेल. अशा वेळी भिऊन गोळ्या सोडल्या, तर औषधाला दाद न देणारा क्षय उद्भवण्याचा धोका असतो. स्तनवृद्धीपेक्षा तो कितीतरी भयंकर आहे.

औषधाचा दोष ठरविण्यापूर्वी रोगाचाही विचार करावा लागतो. यकृताचा दीर्घ विकार, मूत्रपिंडाचा विकार, अवटू ग्रंथीचे आधिक्य, वृषणातील अर्बुद, यांमुळेही स्तन वाढतात. महाराष्ट्रात एके काळी मोठ्या प्रमाणावर आढळणाऱ्या कुष्ठरोगाच्या एका प्रकारात वृषणे झिजत व त्यामुळे स्तनवृद्धी होई.

६. ‘परिणाम’ आणि ‘दुष्परिणाम’

येथवर ज्याला आपण दुष्परिणाम म्हटले, तोच काहींच्या बाबतीत इष्ट परिणाम असतो. पुरुषदेहात जन्मलेल्या पण स्वतःस स्त्री म्हणून ओळखणाऱ्या पारलिंगी व्यक्ती संप्रेरकोपचार घेतात, तेव्हा ईस्ट्रॅडिओल व पौरुषजनरोधक औषध यांच्या योगाने स्तनवृद्धी घडवून आणणे हा त्या उपचाराचा एक हेतूच असतो. वाढीस प्रारंभ बहुधा तीन ते सहा महिन्यांत होतो आणि ती दोन-तीन वर्षांत पूर्णत्वास जाते. उपचार थांबविला तरी ती पूर्णपणे मागे फिरत नाही. औषध तेच आणि ऊतकही तेच. कधीकधी गोळीही तीच, कारण स्पायरोनोलॅक्टोन येथेही वापरले जाते. ‘दुः’ हा उपसर्ग शरीरक्रियेतून येत नाही, तो घेणाऱ्याच्या इच्छेतून येतो. अर्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याने हे नोंदवून ठेवण्याजोगे आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी दिलेल्या ‘नालसा’ निकालाने व्यक्तीचा स्वतःची लिंगओळख ठरविण्याचा हक्क मान्य केला; ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी त्या प्रकरणात पक्षकार होत्या. पुढे २०१९ मध्ये संसदेने संमत केलेल्या अधिनियमात संप्रेरकोपचार व समुपदेशन यांसह वैद्यकीय सोयी पुरविण्याची तरतूद करण्यात आली. तथापि तज्ज्ञ दूर, खर्च अवघड आणि विचारण्याचा संकोच मोठा, अशा परिस्थितीत अनेकजणी दुकानात सहज मिळणाऱ्या गर्भनिरोधक गोळ्या स्वतःच्या मनाने, मोठ्या संख्येने घेतात. अशा गोळ्यांत, उदाहरणार्थ ‘माला-डी’ मध्ये, एथिनिल ईस्ट्रॅडिओल असते. त्याने रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, तंबाखू ओढणाऱ्यांत तो अधिक. म्हणून या उपचारासाठी हे द्रव्य वापरू नये, असे जागतिक मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. पायाच्या पोटरीत एकाएकी सूज व वेदना, किंवा अचानक धाप, ही लक्षणे दिसताच तत्काळ रुग्णालय गाठले पाहिजे. वृद्ध गृहस्थाने लाजेपोटी औषध सोडले आणि येथे लाजेपोटी ते विचारल्यावाचून घेतले जाते. दोन्ही प्रसंगी धोका उत्पन्न होतो तो मौनातून.

७. काळाचे महत्त्व

स्तनवृद्धी सुरू झाल्यावर पहिले काही महिने ऊतक वाढीच्या अवस्थेत असते. ते हुळहुळते व दुखते. या अवस्थेत कारणीभूत औषध बदलले तर वेदना साधारणतः महिनाभरात कमी होऊ लागते व गाठ हळूहळू विरते. परंतु वर्षभराहून अधिक काळ लोटला म्हणजे तेथे तंतुमय ऊतक तयार होते. मग औषध थांबविले तरी वाढ पुरती मागे जात नाही, आणि नको असल्यास शस्त्रक्रियेखेरीज उपाय उरत नाही. म्हणजे दुखणे हीच बोलण्याची योग्य वेळ होय. दुखणे आपोआप थांबण्याची वाट पाहणे म्हणजे संधी दवडणे होय.

काही चिन्हांबाबत विलंब मुळीच करू नये. गाठ एकाच बाजूस, स्तनाग्रापासून बाजूला व दगडासारखी कठीण असेल, स्तनाग्रातून रक्त येत असेल, कातडी ओढली गेली असेल अथवा काखेत गाठ लागत असेल, तर कर्करोगाची शंका घ्यावी लागते. स्तनांच्या एकूण कर्करोगांपैकी सुमारे १ टक्का पुरुषांत होतात. ‘पुरुषाला स्तन नसतो’ या भाषिक समजुतीमुळे हे रुग्ण उशिरा येतात, ही त्यातील शोचनीय बाब होय.

८. समारोप : एका प्रश्नाची सूचना

२०२३ मध्ये परभणी येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेथे शिकणारे विद्यार्थी पाठ्यपुस्तक इंग्रजीतून वाचतात आणि रोग्याचे म्हणणे ‘दुखायलंय’, ‘फुगायलंय’ अशा बोलीत ऐकतात. औषधाच्या वेष्टनातील कागद बहुधा इंग्रजीत व अतिसूक्ष्म टंकात असतो. या दोन भाषांमधील पूल पारिभाषिक शब्दांनी बांधला जाणार नाही. ‘पुरुषस्तनवृद्धी’ हा शब्द या पत्रिकेत शोभतो. तपासणीच्या खोलीत ‘बाबा, पुरुषस्तनवृद्धी आहे का?’ असे विचारण्यात अर्थ नाही.

तेथे बोलीनेच वाट दाखविली आहे. स्तनाच्या अग्राला मराठीत बोंड किंवा बोंडी म्हणतात. कपाशीच्या या जिल्ह्यात बोंड हा शब्द बाई-पुरुष असा भेद करीत नाही आणि त्याच्या उच्चाराने कोणी खाली पाहत नाही. तेव्हा ज्या औषधांनी हा परिणाम संभवतो ती सुरू करताना वैद्याने स्वतःहून सांगावे, “या गोळीनं काही जणांना बोंडीमागं गाठ येते, हुळहुळतं. घाबरायचं नाही, गोळी बंद करायची नाही. मला येऊन सांगायचं, दुसरी गोळी असते.” आणि पुढे कोणी छाती दुखते म्हणाला, तर विचारावे, “बरगडीच्या आत दुखतं, की बोंडीला सदरा घासला की दुखतं?”

या एका प्रश्नाने ‘छाती’ या शब्दातील संदिग्धता फिटते. रोग्याला ‘स्तन’ हा शब्द स्वतःच्या तोंडून उच्चारावा लागत नाही. त्याने केवळ ‘दुसरं’ म्हणावयाचे असते. आमच्या चुलत्यांना हा प्रश्न कोणी विचारला असता, तर त्यांनी तेवढे खचित म्हटले असते. शब्दांची अर्थव्याप्ती तपासणे हे आपल्या विषयाचे नित्याचे काम. ते कधी एखाद्याच्या श्वासाशी निगडित असते, याचे स्मरण अभ्यासकांनी ठेवावे, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच.